टेंबे सर आणि पलीकडचं पाणी

आमच्या सोसायटीत माणसांवर ओरडणारे पुष्कळ आहेत. मी त्यांतलीच एक. पण नळावर ओरडणारा माणूस एकच, तो म्हणजे आमच्या बरोबर खाली, तळमजल्यावर राहणारे टेंबे सर.

सकाळी पाणी आलं की खालून आवाज सुरू होतो. "अरे, धड वाहा की! हे तुटक तुटक काय लावलंयस? आत हवा खातोस आणि बाहेर माझ्या अंगावर थुंकतोस?" पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला वाटलं, प्लंबरची चंपी चाललीय. त्या प्लंबरवर माझाही जुना राग होता, तेव्हा आपलेही दोन शब्द सुनावून घ्यावेत म्हणून मी तरातरा खाली गेले. बघते तर प्लंबर नाही, कुणी नाही. बनियन-लुंगीतले टेंबे सर मोरीत उकिडवे बसून नळाच्या तोंडाशी चष्मा नेऊन भांडतायत.

"कुणावर ओरडताय सर?"

"याच्यावर!" त्यांनी नळाकडे बोट केलं. "ही धार बघा. इथपर्यंत काचेसारखी. इथून पुढे पिळवटते. आणि इथे फुटते. का फुटते?"

"वायसर गेला असेल."

"वायसर!" मी त्यांच्या कुलदैवताला शिवी दिल्यासारखे ते उभे राहिले. "चौधरीबाई, या फुटण्यावर माझी हयात गेली. आणि तुम्ही म्हणता वायसर!"

मी त्यांना ठणकावून सांगितलं की तुमची हयात जाऊ दे, तुमच्या ओरडण्याने आमचे हे देवपूजेत मंत्र चुकतात. त्यावर ते म्हणाले, मंत्र चुकला तर देव रागावत नाही, समीकरण चुकलं तर पूल पडतो. असं आमचं शेजारपण सुरू झालं.

टेंबे सर मूळचे साताऱ्याकडचे. सुरतेला इंजिनिअरिंग कॉलेजात गणित शिकवायला आले आणि इथेच निवृत्त झाले. पण निवृत्त फक्त पगारातून. वाहणाऱ्या गोष्टींचं गणित हा त्यांचा विषय. पाणी, हवा, तेल, रक्त, जे म्हणून वाहतं ते खरोखर न वाहवता कॉम्प्युटरमध्ये वाहवून दाखवायचं, हे त्यांचं संशोधन. लोकांना यातलं 'पाणी' एवढंच कळतं. बी विंगमधल्या एकांनी त्यांना वरची टाकी गळते म्हणून बघायला नेलं. सर टाकीच्या झाकणावर ओणवे होऊन अर्धी सकाळ आत बघत बसले, खाली उतरले आणि म्हणाले, "फारच सुंदर." टाकी अजून गळते.

मी त्यांना एकदा तावातावाने विचारलं की पाणी जर तुमच्या मशीनमध्ये नाहीच, तर तुम्ही दिवसभर बघता तरी काय? त्यावर त्यांनी मला समोर बसवलं. "तुमची शाळा सुटते तेव्हा पोरं दारातून कशी बाहेर पडतात?"

"ढकलाढकली करत."

"प्रत्येक पोराला कुठे जायचं ते कोण ठरवतं?"

"ते स्वतः. आणि मागून धक्का देणारं कार्टं. आणि दाराची चौकट. आणि मी छडी घेऊन उभी असले तर मी."

"बास! पाण्याचे असेच बारीक बारीक तुकडे करायचे. प्रत्येकाला विचारायचं, तुला शेजारचा कुठे ढकलतोय? मग एक पाऊल पुढे. मग परत सगळ्यांना विचारायचं. एवढंच करतो मी." आणि जरा थांबून म्हणाले, "बाई, तुम्ही गणितात का नाही गेलात?" मला आयुष्यात मिळालेली ही गणितातली एकमेव शाबासकी. मी मराठी माध्यमाच्या शाळेत तीस-एक वर्षं भाषा शिकवली. माझा आवाज मैदानाच्या त्या टोकाला पोचायचा, एवढं क्रीडा विभागही मान्य करायचा.

सरांच्या घरात एका शब्दाला बंदी होती. 'अंदाजे'. "अंदाजे म्हणजे आळशी माणसाचं सत्य," असं ते म्हणत. लिंबायतला जायला एकदा आम्ही दोघं एकाच रिक्षात बसलो होतो. सरांनी विचारलं, किती वेळ लागेल? रिक्षावाला म्हणाला, अंदाजे पंधरा-वीस मिनिटं. सर उतरले! भर उन्हात, चालत्या रिक्षातून उतरले, आणि वर मला म्हणाले, "याच्या हातात जीव देताय?" मी दिला. मी वेळेवर पोचले, ते घामाघूम होऊन उशिरा पोचले, आणि तरी चूक माझीच.

दुसरं त्यांचं पालुपद म्हणजे "आणि पलीकडे?" तुम्ही काहीही सांगा. मी म्हटलं, सर, लेकीला पुण्यात नोकरी लागली. "छान. आणि पलीकडे?" अहो, पलीकडे काय, पगार! आमचे हे बँकेतून निवृत्त झाले, मी पेढे घेऊन गेले, तर त्यांनाही तेच. "अभिनंदन. आणि पलीकडे?" ह्यांनी त्या प्रश्नाची एवढी धास्ती घेतली की आठवडाभर भगवद्गीता वाचत होते.

त्याचं मूळही गणितातच होतं. एकदा राग शांत असताना त्यांनी सांगितलं. कॉम्प्युटरला अख्खं जग देता येत नाही, म्हणून गणिताला कुठेतरी कड द्यावी लागते. नदीचा एवढा तुकडा, इथून सुरू, इथे संपलं. कडेवर काय होतं ते आपण ठरवायचं. "आणि सगळी चोरी तिथे होते, बाई. आळशी लोक म्हणतात, कडेवरून पाणी बाहेर गेलं की गेलं, आपल्या हिशोबातून सुटलं. अरे, गेलं कुठे? कुणाच्या तरी घरात गेलं ना? माझा पेपर तपासायला बसलेला तो परदेशातला गाढव मला लिहितो, कडेपलीकडचा विचार अनावश्यक आहे. अनावश्यक!" आणि त्यांनी टेबलावर एवढ्या जोरात हात आपटला की बशीतला चहा उडाला. मग तो कसा उडाला ते बघत बसले.

या माणसाला सांभाळलं ते मालतीकाकूंनी, त्यांच्या बायकोने. शांत, बुटक्या, हसऱ्या. स्वयंपाकघरात सगळं अंदाजे. आमटीत मीठ किती घातलं असं सरांनी विचारलं की काकू म्हणायच्या, "अंदाजे हो!" आणि हा जमदग्नी खाली मान घालून जेवायचा. त्या शब्दाची मुभा जगात फक्त त्यांना होती.

आता भिंतीचं सांगते, कारण सगळं रामायण भिंतीवरून झालं. आमच्या सोसायटीच्या मागे एक जुनी भिंत होती, कमरेच्या जरा वर येईल एवढी, ठिकठिकाणी विटा निसटलेल्या. भिंतीपलीकडे एक गल्ली. तिथे लूमवर काम करणारी आमच्या खानदेशातली कुटुंबं राहतात. गल्लीच्या पलीकडे खाडी. पावसाळ्यात खाडी फुगली की पाणी आधी गल्लीत येतं, तिथून भिंतीच्या भोकांमधून आमच्या पार्किंगमध्ये पसरतं, आणि मग फाटकातून पुढे मोठ्या रस्त्याच्या गटारात उतरतं. म्हणजे पाण्याची वाटच आमच्या अंगणातून.

मालतीकाकू दुपारी त्या भिंतीशी उभ्या असायच्या. पलीकडून वेणूमाय. ही धुळ्याकडची म्हातारी, कानात जुन्या वळणाच्या बाळ्या, मुलगा लूमवर. भिंतीवरून ताटं इकडून तिकडे व्हायची. तिकडून कळण्याची भाकरी आणि ठेचा यायचा, इकडून साबुदाण्याची खिचडी नाहीतर पोहे जायचे. आणि द्यायला काही नसलं तर काकू त्या धुतलेल्या ताटात मूठ-चिमूट साखर घालायच्या. रिकामं ताट परत देऊ नये, ही आपल्याकडची रीत. सर खिडकीतून ओरडायचे, "किती साखर घातलीस?" काकू म्हणायच्या, तुम्ही तुमचं पाणी बघा.

काकू गेल्या. थंडीचे दिवस होते. पुढे कितीतरी दिवस खालून नळावर ओरडण्याचा आवाज आला नाही, आणि खरं सांगते, मला सकाळी चैन पडेना. मी डबा द्यायला लागले. वरण, भात, भाजी, पोळी. थोड्याच दिवसांत सरांनी डबा हातात घेऊन जिन्यात मला गाठलं. "चौधरीबाई, वरण पातळ आहे असं मी म्हणत नाही. पण याची चिकटाई वाटीच्या मध्ये एक आहे आणि कडेला एक आहे. तुम्ही शेवटी ढवळत नाही."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. अहो, मेलं फुकटचं वरण, आणि त्यालाही रिव्ह्यू? मी डबा हिसकावून घेतला. म्हटलं, खा आता तुमची समीकरणं, वरून तूप घालून. दुसऱ्या दिवसापासून डबा बंद. मग हा माणूस जेवतो काय, हा प्रश्न मला अधूनमधून पडायचा, पण विचारायला गेले तर भांडण होणार म्हणून मी विचारला नाही.

मागच्या पावसाळ्यात पार्किंगमध्ये पाणी आलं आणि माझी नवी स्कूटर निम्मी बुडाली. मेकॅनिकने इंजिन उघडून मला आतला चिखल दाखवला, जसं काही मीच भरला होता. त्यामुळे सेक्रेटरी हसमुखभाईंनी मीटिंगमध्ये मागची भिंत पाडून उंच, भरभक्कम, काँक्रीटची बांधायचा ठराव आणला तेव्हा पहिला हात माझा वर गेला. हसमुखभाई साड्यांचे व्यापारी. माणूस वाईट नाही, पण सोसायटीच्या फाटकाबाहेरचं जग त्यांच्या लेखी गिऱ्हाईक नाहीतर कटकट.

कंत्राटदाराने नकाशा लावला. आमच्या विंगा, आमचं पार्किंग, आमची बाग, सगळं रंगीत. मागे जाड काळी रेघ, ती नवी भिंत. सर उठले, नकाशाशी नाक नेलं, आणि त्या रेघेपलीकडे बोट ठेवून म्हणाले, "आणि पलीकडे?"

"पलीकडे काय साहेब, पलीकडे आपली हद्द नथी," हसमुखभाई म्हणाले.

"पलीकडे पांढरं का आहे म्हणून विचारतोय! तिथे काय कागद राहतो? माणसं राहतात तिथे! तुमची भिंत पाणी पिणार आहे का? ते तिथेच तुंबेल. आज गल्लीत पोटरीपर्यंत येतं ते उद्या छातीपर्यंत जाईल. लोक झोपेत बुडतील!"

"साहेब, पाणी तो पाणी छे. एमां गणित क्यांथी आव्युं?"

झालं. सरांनी पिशवीतून लॅपटॉप काढला. त्यांनी आमची अख्खी सोसायटी, गल्ली आणि खाडी त्यात बसवली होती, घरा-घरासकट. बटण दाबलं. निळं पाणी खाडीतून वर चढलं, गल्लीत शिरलं, नव्या भिंतीला टेकलं आणि तिथेच चढत राहिलं. गल्लीतली घरं एकेक करून निळी झाली. आमचं पार्किंग कोरडं ठणठणीत.

मला वाटलं, लोकांना पटलं. तेवढ्यात मागून एकजण म्हणाला, "मस्त व्हिडिओ छे! आमां मारी गाडी क्यां छे?" आणि सगळे पुढे सरसावून आपापली गाडी शोधायला लागले. कोरडी आहे ना, एवढंच बघायला. सरांनी लॅपटॉप फाडकन मिटला. त्यांचा चेहरा असा लाल झालेला मी नळासमोरही पाहिला नव्हता.

"भिंत पडेल," ते म्हणाले.

"शुं?"

"एका बाजूला छातीभर पाणी, दुसऱ्या बाजूला काही नाही. रेटा बसला की पडेल. तुमच्या बाजूला पडेल. गाड्यांवर."

आता सभेला कंठ फुटला. कुठे पडेल? कुठल्या गाड्यांवर? विमा मिळेल का? सर उभेच होते. "वा!" ते गरजले. "माणसं बुडतील म्हटलं तेव्हा एकाची खुर्ची हलली नाही. पत्रा चेपेल म्हटल्यावर सगळे उठून उभे! शाबास!"

जिन्यात मी त्यांना गाठलं. माझाही पारा चढलेला होता. "सर, सगळ्यांना शहाणपण शिकवता, माझी स्कूटर बुडाली त्याचं काय?"

"ती पुढच्या रस्त्यावर नेऊन लावा! चढ आहे तिथे. गल्लीतली माणसं नेऊन लावता येतात का चढावर?"

घरी येऊन मी ह्यांच्यावर ओरडले.

पुढच्या सभेत ठरलं की भिंत बांधायची, पण पाणी इकडे यायला तिच्यात एक मोठी वाट ठेवायची, म्हणजे पाणी पलीकडे न तुंबता एका कडेने फाटकाबाहेर निघून जाईल आणि भिंतीवर रेटा येणार नाही. वाट कुठे ठेवायची? बी विंग म्हणाली, आमच्याकडे लहान मुलं आहेत. सी विंग म्हणाली, आमच्याकडे लिफ्टची मोटर आहे. हसमुखभाई म्हणाले, माझ्या बाजूला माल उतरतो. ज्याच्या त्याच्या तोंडात एकच, शेजाऱ्याकडे ठेवा.

"माझ्या दारासमोर ठेवा," टेंबे सर म्हणाले.

हे ऐकून मीच उडाले. सरांचं घर म्हणजे सोसायटीतली सगळ्यात खोल जागा. आतल्या रस्त्यावर दर खेपेला डांबराचा नवा थर चढतो, रस्ता वर येतो आणि सरांचं घर तेवढंच खाली जातं.

"साहेब, पाणी सीधं तुमच्या हॉलमध्ये येईल," हसमुखभाई म्हणाले.

"येईल. गुडघाभर. मला माहीत आहे, मीच काढलंय ते."

आणि ठराव पास झाला हो! टाळ्या वाजल्या! "राहू द्या सर, असं कसं," असं कुणी खोटंसुद्धा म्हणालं नाही. तोंडदेखलंसुद्धा नाही! जो तो आपलं कोरडं पार्किंग खिशात घालून घरी गेला. मी त्या दिवशी वॉचमनपासून सगळ्यांशी भांडले आणि शेवटी सरांशीही भांडले. "तुम्हाला काय पडलीय एवढी? एकटा माणूस, या वयात पाण्यात बसणार?"

"एकटा आहे म्हणूनच," ते म्हणाले. "माझ्या घरात पाणी आलं तर एकच माणूस भिजतो." आणि दार लावून घेतलं.

उन्हाळ्यात जुनी भिंत गेली आणि नवी उभी राहायला लागली, डोक्याच्याही वर. सरांच्या दारासमोर वाट सोडली होती. दुपारी गवंड्याचा आणि हसमुखभाईंचा वाद ऐकू आला. एरवी मी दुपारची झोपलेली असते, पण वादाचा आवाज आला की माझी झोप उडते. मी खाली गेले.

हसमुखभाई हातात टेप घेऊन उभे. वाट जमिनीपासून थेट छातीपर्यंत ठेवलेली. खालच्या भागात लोखंडी गज, म्हणजे कुत्री आणि कचरा अडेल. वरचा भाग मोकळा, खिडकीसारखा.

"साहेब, पाणी तो गुडघ्यापर्यंत आवे छे. तुम्हीच काढलंय. तो आ छाती सुधी केम? वरून चोर येईल ना!"

प्रश्न बरोबर होता. माझ्यासारखीला कळावा इतका सोपा होता. मी सरांकडे बघितलं. म्हटलं, आता हसमुखभाईंची खैर नाही. रेटा, लाटा, समीकरणं, तो परदेशातला गाढव, सगळं बाहेर येणार.

सर टेपकडे बघत राहिले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आकड्यावरून जगाशी भांडणारा माणूस, आणि एका उंचीचं उत्तर नाही त्याच्याकडे!

तेवढ्यात त्या मोकळ्या भागातून दोन सुरकुतलेले हात आत आले. हातांत ताट, वर फडकं. "सर, भाकर ल्या. गरम शे." वेणूमाय. आणि मग मान वाकवून, आत डोकावून, "कितला बारीक व्हई ग्यात तुम्ही!"

सरांनी ताट दोन्ही हातांनी घेतलं. ना चिकटाई काढली, ना तापमान विचारलं. खाली मान घालून घरात गेले. थोड्या वेळाने धुतलेलं ताट घेऊन आले, त्यात चिमूटभर साखर, आणि ते त्याच वाटेने परत दिलं. छातीएवढ्या उंचीवरून. म्हातारीच्या हाताला येईल अशा.

मी पुढे होऊन वेणूमायला विचारलं, हे कधीपासून? ती माझ्याकडे, मी वेडी असल्यासारखं बघत म्हणाली, "बाई गयी म्हणीसन ताट बंद करो का?"

म्हणजे काकू गेल्यापासून रोज. मी वर घोरत असायचे तेव्हा रोज. आधी जुन्या भिंतीवरून, आणि आता या वाटेतून. मला आधी काय आलं असेल तर राग! माझ्या वरणाला रिव्ह्यू, आणि हिच्या भाकरीला एक शब्द नाही? मग मला कुणावर तरी ओरडणं भाग होतं. समोर हसमुखभाई होते.

"बेन, पण आ छाती सुधी..."

"भाई, तुम्हाला गणित येतं?"

"ना."

"मग गप्प बसा! डॉक्टर टेंबे छातीपर्यंत म्हणतात तर छातीपर्यंत. पाणी उसळतं, लाट येते, तुम्हाला काय ठाऊक! चोर यायचा असेल तर तो फाटकातून येईल, तिथे तुमचा वॉचमन झोपलेला असतो."

हसमुखभाईंनी माझ्याकडे बघितलं, त्या वाटेकडे बघितलं, पलीकडे साखरेचं ताट घेऊन चाललेल्या म्हातारीकडे बघितलं. टेप गुंडाळला. "रेवा दो, राहू दे तसंच," ते गवंड्याला म्हणाले. आणि जाता जाता हळूच, "मारी बा पण आवुं ज करती. माझी आई पण असंच करायची."

श्रावणात खाडी फुगली. आदल्या दिवशी सरांनी आपला कॉम्प्युटर आणून माझ्या डायनिंग टेबलावर थाटला आणि त्याला हात लावायचा नाही अशी मलाच तंबी दिली, माझ्या घरात! सकाळी पाणी आलं. गल्लीतून, त्या वाटेच्या गजांमधून, सरांच्या अंगणात, पायरीवर, हॉलमध्ये. मी वरून बोंबलतेय, "सर, वर या! सर!" आणि हा माणूस हॉलमध्ये हातात फूटपट्टी घेऊन उभा.

"चौधरीबाई! गॅलरीत जा! वेणूबाईंचा उंबरा दिसतोय का?"

मी स्वयंपाकघराच्या गॅलरीत धावले. तिथून गल्ली दिसते. "दिसतोय!"

"पाण्याच्या किती बोटं वर?"

"तीन-चार बोटं!"

"तीन-चार म्हणजे काय? तीन की चार? धड बघा की!"

"चार! चार बोटं, झालं समाधान?"

पाऊस जरा थांबला होता. मी गॅलरीतून वाकून बघितलं. सर गुडघाभर पाण्यातून वाट काढत भिंतीपाशी गेले होते. पलीकडे वेणूमाय, लुगडं वर खोचून, पाण्यात उभी. तिची चूल पेटली होती, म्हणजे घर कोरडं होतं. पाण्याच्या वर, त्या मोकळ्या भागातून, ताट आत आलं.

सरांनी भाकरी तिथेच, पाण्यात उभं राहून खाल्ली.

"अहो, निदान वर येऊन जेवा!" मी ओरडले.

"थांबा हो! ताट परत द्यायचंय."

ते ताट घेऊन घरात गेले आणि तसेच परत बाहेर आले. साखरेचा डबा आडवा होऊन पाण्यात गेला असणार. ताट हातात धरून ते अंगणाच्या मधोमध उभे राहिले, मग वर बघितलं.

"चौधरीबाई, साखर आहे का घरात?"

"आहे."

"सोडा जरा खाली."

मी भाजीवाल्यासाठीची दोरीची टोपली काढली, साखरेचा डबा उघडला, आणि कठड्याशी येऊन विचारलं, "किती घालू?"

सर ताटाकडे बघत होते. पलीकडे वेणूमाय ताटाची वाट बघत उभी होती.

"अंदाजे हो," टेंबे सर म्हणाले. "मालती घालायची तेवढी."